कुंदा, चूल बाहेरच राहील

कुंदा, तुझ्या तेरवीला वांग्याची भाजी बिघडली होती. आचाऱ्यानं तेल सढळ हातानं ओतलं, पण वांगी कच्चीच उतरवली, आणि पंगतीतले सगळे मान खाली घालून जेवत होते. तू असतीस तर पदर खोचून त्याच्या हातातला झारा घेतला असतास आणि वर गोड आवाजात म्हणाली असतीस, "बसा बाप्पा तुम्ही जराक, थकून गेले असान." मला रडू आलं ते तिथं, भाजीचा घास तोंडात असताना. तुझ्या फोटोपुढं नाही आलं. हार घातलेला तो फोटो मला तुझा वाटतच नाही. त्यात तू गप्प आहेस.

जेवणं उरकल्यावर मी मागच्या शेडकडे गेले. आपला डब्बा तिथं उभा होता. तुझ्या मंगेशनं एकदा मोबाइलवर दाखवलं होतं, की याला कॅम्पर ट्रेलर म्हणतात आणि परदेशात लोक गाडीमागे असा ओढत महिनोन्‌महिने फिरतात. तू म्हणालीस, "आपल्या इथं बैलबंडीत बसून फिरत होतेच की लोक," आणि विषय संपवलास. संत्र्याच्या पेट्या वाहणारी तुझी जुनी ट्रॉली, तिच्यावर पांढुर्ण्याच्या रफिकभाईंनी बसवलेला पत्र्याचा डब्बा, आत दोन बाकं, दोन गाद्या, मी शिवलेले पडदे. सगळं झालेलं. राहिलं होतं ते फक्त स्वयंपाकाचं, कारण त्यावर आपलं भांडण मिटलं नव्हतं.

मंगेश माझ्या मागोमाग आला. तुझा लेक आहे, सरळ बोलतो. "मावशी, डब्ब्याचं काय करायचं ते सांगा. संत्र्याचा तोडा आला तोंडावर. तुम्ही नेणार असान तर तोड्याच्या आधी बाहेर काढा. नाही तर मी डब्बा उतरवून घेतो, पेट्यांले ट्रॉली लागन."

त्याचं चुकत नव्हतं. झाडं संत्र्यांनी लदलेली आहेत, ती काही आपल्या दुःखासाठी थांबणार नाहीत. मी म्हणाले, "डब्बा उतरवायचा नाही. मी नेणार आहे."

"तुम्हाले तर स्कूटीच येते."

"शिकीन."

तो तुझ्यासारखं ओठ मुडपून हसला तेवढं.

मग जो तो मला सांगायला लागला, सुजाताबाई, आता कुंदाच्या मनासारखं करा. तुझी जाऊ म्हणाली, शेजारीण म्हणाली, रफिकभाईंनीही फोनवर तेच सांगितलं. कुंदाच्या मनात आत मातीची चूल होती, तर आत चूलच बसवा. बिचारीची इच्छा होती. कुंदे, तुला बिचारी म्हणणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. जिवंत होतीस तोवर तुझ्याशी सगळे वाद घालायचे, विहिरीपासून फवारणीपर्यंत. आता गेलीस तर तुझा शब्द खाली पडू देत नाहीत. मला त्याचा इतका राग आला की मी जाऊबाईंना म्हटलं, ती बिचारी नव्हती, हट्टी होती, आणि चुलीच्या बाबतीत चूक होती.

त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे.

तुझी माझी ओळखच विस्तवानं करून दिली. आठवते ना? मी नर्स होते त्या सौंसरच्या दवाखान्यात तू आली होतीस, उजवा पंजा भाजून घेऊन. जामसांवलीला नवस फेडायला गेला होतात, गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांत, रोडगे भाजत होतात, आणि चिमटा सापडेना म्हणून तू हातानंच कणकेचा तो गोळा उलटवलास. मी तुला झाडझाड झाडलं. हाताला काही झालं असतं तर संसार कोण करणार, अक्कल कुठं गहाण ठेवली होती, असं सगळं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सिस्टरबाई, बोलून घ्या आधी सगळं, मंग पट्टी करा. पण रोडगा जळू देला नाही मी." पुढच्या आठवड्यात पट्टी बदलायला आलीस ती संत्र्यांची थैली घेऊन. मी म्हटलं, घेता येत नाही. तू थैली टेबलाखाली सरकवून निघूनही गेलीस.

मग मी रामाकोन्याला तुझ्या घरी यायला लागले. तुझ्या सासूबाई होत्या तोवर माझी जागा ओसरीत. त्यांनी मला कधी वाकडा शब्द बोलला नाही, हे खरं. चहा यायचा, सोबत चिवडा यायचा, फक्त माझा कप कोनाड्यातला असायचा, बाहेरच्या बाहेर धुतलेला. आम्ही बौद्ध, तुम्ही कुणबी, याची तो कप दर वेळी आठवण करून द्यायचा. एक दिवस पाहते तर कोनाड्यातून तसाच दुसरा कप निघाला, आणि तू माझ्यासमोर बसून त्यातूनच चहा पिऊन राहिलीस. सासूबाईंनी पाहिलं. तू फुंकर मारून प्यायलीस आणि मला विचारलंस, "साखर कमी झाली काय वं?" त्यावर आपण दोघी कधीच काही बोललो नाही. नंतर सासूबाई गेल्या, आणि तू म्हणालीस, आता आत ये, ओट्याशी बस. मी म्हटलं, इथं हवा बरी येते. का म्हटलं तसं, ते तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की इतकी वर्षं जे दार आपणहून उघडलं नाही, त्यातून आता रिकामं झालं म्हणून आत जायचं मला जमत नव्हतं. तू ते ओळखलंच असणार. म्हणून तर पुढची सगळी वर्षंही तू माझ्यासोबत ओसरीतच बसलीस, थंडीतसुद्धा.

म्हणून डब्ब्याची गोष्ट निघाली तेव्हा तू जे म्हणालीस, ते मला फार भिडलं. मी रिटायर झाले होते, तुझ्या घरचा कारभार मंगेशनं हाती घेतला होता. तू शेडमध्ये त्या जुन्या ट्रॉलीवर बसून पाय हलवत म्हणालीस, "याच्यावर एक खोली बसवू, सुजे. पचमढीले जाऊ, तिथून नर्मदेच्या काठाकाठानं. मी जीप चालवीन, तू रस्ता सांग. याच्यात आपण दोघी रांधू. याच्यात कोणाची सासू नाही."

मी हो म्हटलं ते नर्मदेसाठी नव्हे, त्या शेवटच्या वाक्यासाठी. हे तुला सांगायचं राहिलं.

पण रांधायचं कसं, यावर पहिल्या दिवसापासून आपलं जुळलं नाही. तुला घरच्यासारखं स्वयंपाकघर हवं होतं. रफिकभाईंना तू सांगितलंस, कडप्प्याचा ओटा पाहिजे. ते म्हणाले, "भाभी, पत्थर बहुत वजनदार होता है." तू म्हणालीस, ओट्याबिगर स्वयंपाकघर कसं? ओटा बसला. त्याच्यावर तू स्वतः माती मळून चूल घातलीस, शेणानं सारवलीस, वर पांढरी बोटंही ओढलीस. खाली गोवऱ्यांचं पोतं. टपावर पऱ्हाटीची मोळी, कारण कपाशीच्या काड्यांसारखं जळण नाही असं तुझं म्हणणं. आणि हे सगळं डब्ब्याच्या मागच्या टोकाला.

मी विचारलं, "मागंच काहून?"

तू म्हणालीस, "स्वयंपाकघर मागच्याच अंगाले रायते वं."

गावातल्या सगळ्या घरांना मागेच असतं, म्हणून चाकांवरच्या घरालाही मागे. यावर मी तेव्हा काही बोलले नाही, मलाही ते बरोबरच वाटलं होतं. पचमढीआधी एक फेरी तामियाला म्हणून निघालो आणि गावाबाहेरच्या पहिल्याच ब्रेकरवर तुझ्या चुलीचे तुकडे झाले. तू उतरून पाहिलंस आणि म्हणालीस, "ओली होती अजून." पुढं उतारावर डब्बा शेपूट हलवायला लागला. जीप एकीकडे, डब्बा दुसरीकडे. मी डोळे मिटून घेतले. तू गाडी हळूहळू बाजूला घेतलीस, स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस आणि हसायला लागलीस. आयुष्यभर पेट्या भरताना मजुरांवर ओरडत आलीस, भार पुढं ठेवा, भार पुढं ठेवा, आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचा सगळा भार मागे टाकलास. मग आपण पाण्याचे कॅन, गाद्या, कांद्याची थैली, सगळं पुढं सारलं आणि बैलगाडीच्या चालीनं तामिया गाठलं.

खरं भांडण तिथं झालं. संध्याकाळी पाऊस लागला. तू घमेल्यात गोवऱ्या पेटवून घमेलं आत घेतलंस, दार लावलंस, आणि वांगं भाजायला ठेवलंस. मी घमेलं उचललं आणि बाहेर चिखलात ओतलं. वांग्यासकट. तू पाहतच राहिलीस.

"सुजे, डोकं फिरलं काय तुझं?"

"आत विस्तव नाही, कुंदा. झोपायच्या जागी विस्तव नाही म्हणजे नाही."

"मंग पाण्यात छत्री धरून रांधू काय?"

"उपाशी झोपू."

आणि खरंच आपण मुरमुरे खाऊन झोपलो, एकमेकींकडे पाठ करून. मी का तशी वागले, ते तुला अर्धंच सांगितलं होतं. नोकरीत मी स्टोव्हनं भाजलेल्या किती बाया पाहिल्या, ते तुला माहीत होतं. पण एका थंडीत दार लावून, खाटेखाली शेगडी घेऊन झोपलेलं जोडपं आणलं होतं. अंगावर एक डाग नाही. कोळशाच्या वायूनं गेलेले, पण झोपल्यासारखेच दोघं. त्यांना पाहिल्यापासून मला बंद खोलीतल्या निखाऱ्याची भीती बसली आहे. हे तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, मला ठाऊक आहे. पण मला जिंकायचं होतं ते भांडून. तुझ्याशी भांडण्यात मजाच तशी होती.

गाद्यांना भरताचा वास मात्र कितीतरी दिवस गेला नाही.

नंतर सगळं फोनवर चाललं. तू आतल्या चुलीवरून हटेनास, मी बाहेरच्या गॅसवरून. मंगेशनं मध्येच इंडक्शन सुचवलं. तू त्याला विचारलंस, जंगलात लाइन तुझा बाप ओढणार काय. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "फोनवर मजा नाही येऊन राहिली. रविवारी ये, समोरासमोर भांडू." तू ये म्हटलंस म्हणजे मी येणार होतेच. तुझ्यासाठी तिळाची चटणीसुद्धा कुटून ठेवली होती. रविवार यायच्या आधी मंगेशचा फोन आला.

म्हणून सांगते, तेरवीनंतर मी तुझ्या मनासारखं करायला बसले असते तर सोपं होतं. सगळ्यांनी वाहवा केली असती. पण मी तुझं नुसतं ऐकून घ्यायचं म्हणजे तू गेलीस हे कबूल करायचं. तुझ्याशी मी इतकी वर्षं बरोबरीनं वागले, तू माझ्याशी. आता तुझ्यावर दया करून वाद सोडून देऊ? नाही जमायचं. चूल बाहेरच राहील.

मी बसनं पांढुर्ण्याला गेले. मंगेशनं डब्बा आधीच रफिकभाईंकडे नेऊन लावला होता. रफिकभाईंनी कडप्प्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, भाभी ने बडे शौक से लगवाया था." मी म्हटलं, "मालूम है. निकालो." दगड निघेपर्यंत मी दुकानाबाहेर उभी राहून रस्त्यावरचे संत्र्यांचे ट्रक पाहत होते. आत राहवलं नाही मला.

मग मात्र मी त्यांना उसंत दिली नाही. ओट्याच्या जागी हलकी प्लाय आणि वर स्टीलचा पत्रा. त्याखाली एक लांब खण, रुळावर सरकून बाहेर येणारा. खणात दोन बर्नरची शेगडी, तीन बाजूंनी वाऱ्याला आडोसा. म्हणजे शेगडी आतून पेटवताच येत नाही, खण पूर्ण बाहेर ओढावाच लागतो. हे मी मुद्दाम करून घेतलं. तुझा काय भरवसा, तू आतच पेटवली असतीस. छोटं सिलिंडर प्रवासात जीपला जोडायच्या पुढच्या दांड्यावर, जाळीच्या पिंजऱ्यात. थांबलो की काढून मागे उघड्यावर जमिनीवर ठेवायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून डब्ब्याच्या आत त्याला जागा नाही. नळ लावलेला पाण्याचा कॅनही पुढं. भार पुढं, कुंदाबाई. तुमचंच म्हणणं.

आणि तुझा तो प्रश्न, पाण्यात छत्री धरून रांधू काय. त्याचं उत्तर मला तामियालाच सापडलं असतं, पण रागात होते. डब्ब्याचं मागचं दार आता खालून वर उघडतं आणि छतासारखं उभं राहतं. त्याच्या कडेला ताडपत्री बांधायच्या कड्या लावल्या आहेत. दोन बांबू रोवले की दोन बाया आरामात बसून भाकरी थापतील एवढी जागा होते. भांड्यांत मी कुकर, तवा, कढई आणि एक पातेलं एवढंच ठेवलं. तू असतीस तर अर्धं घर भरलं असतंस.

घमेलं ठेवलं. तेवढं तुझं मान्य केलं. रोडगे गॅसवर होत नाहीत, मी घरी करून पाहिले, बाहेरून काळे आणि आतून कच्चे. पण घमेलं थंड प्रवास करील. पोचलो की बाहेर पेटवायचं, निघताना पाणी ओतून विझवायचं. यापुढं मी एक पाऊल सरकणार नाही.

कडप्पा मंगेशनं घरी नेला आणि ओसरीत, आपण बसायचो त्या जागी, दोन विटांच्या थरांवर बसवला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तुझ्या ओट्याशी मी कधी आले नाही, म्हणून तुझा ओटा ओसरीत आला. परवा मी त्याच्यावर बसून चहा घेतला आणि कप आत जाऊन मीच धुतला. तुझ्या मोरीचा नळ गळतो, ठाऊक आहे तुला? वायसर बदलायला सांगून आले.

जीप शिकवताना मंगेश घामाघूम झाला. पुढं जायला काही लागत नाही, पण डब्बा जोडून मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते माझ्या डोक्यात शिरेना. एक कडुनिंब मी जरा सोलला. तोही तुझ्याच बागेतला. "आई एका दिवसात शिकली होती," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईनं काय काय तोडलं ते तिनं तुले सांगितलं नसन."

काल शनिवार होता. मी डब्बा जामसांवलीला नेला. मंगेश शेजारी बसला होता, पण हात मांडीवर ठेवून. माझी पहिली फेरी तिथंच करायची मी ठरवलं होतं. दर वेळी तू दर्शनाला जायचीस आणि मी बाहेर झाडाखाली वांगी भाजत बसायचे. तू परत येऊन विचारायचीस, "झाले काय वं?" देवाला तू काय सांगायचीस, ते मी कधी विचारलं नाही. मी का येत नाही, ते तू विचारलं नाहीस. कालही मंगेश मंदिरात गेला आणि मी दार वर उचललं, खण ओढला, सिलिंडर मागे आणून जोडलं, साबणाचं पाणी लावून पाहिलं आणि शेगडी पेटवली. वारा होता. ज्योत हलली नाही.

शेजारी एका कुटुंबाच्या गोवऱ्या धूर ओकत होत्या, पेट घेत नव्हत्या. त्यांची सून कडेवर रडतं पोर घेऊन माझ्याकडे आली. "काकू, इतलंसं दूध गरम करून देता काय? आमचं पेटूनच नाई राहिलं." मी दूध तापवून दिलं. ती उभ्या उभ्या खण पाहत राहिली, आत बाहेर सरकवून पाहिला, आणि म्हणाली, "भल्लं सोयीचं केलं जी तुम्ही." तिनं माझं आडनाव विचारलं नाही. मी सांगायला तयार होते. थोड्या वेळानं त्यांचा आर पडला, तेव्हा तिनंच फावड्यानं निखारे आणून माझ्या घमेल्यात टाकले. मी मागितलेही नव्हते.

मंगेश आला तेव्हा रोडगे राखेत होते आणि चहा झालेला होता. मी मोठ्यानं म्हटलं, "पाह्य वं, त्यांचा धूर निघून राहिला होता तोवर माझा चहा झाला. बोल आता."

मंगेश थबकला. "मावशी, कोणाले बोलून राहिल्या?"

"तुझ्या आईले. हरली ती."

त्यानं कप घेतला. एक घोट प्यायला. मग तुझ्याच हेलात म्हणाला, "आई म्हणाली असती, गॅसच्या चहाले चवच नाई येत. गोवरीवरचा चहा, तो चहा."

कुंदा, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मी त्याला सोडलं नाही. मी म्हटलं, चव दुधात असते, विस्तवात नाही. तो म्हणाला, मंग रोडगे काहून गॅसवर नाई केले? मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी. तो म्हणाला, वेगळी कशी? शेजारची सून तोंडावर पदर धरून हसायला लागली. आम्ही रोडगे फोडेपर्यंत भांडत होतो, आणि तो तुझ्या बाजूनं एक पाऊल हटला नाही.

निघताना घमेल्यावर पाणी ओतून झाल्यावर तो म्हणाला, "तोड्यासाठी दुसरी ट्रॉली पाहतो मी. पचमढीले कधी निघायचं?"